गुरुवारचा भरला पाव

ओव्हनचं दार उघडायच्या आधी बालाजीभाऊ मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत. मग उजवा हात पालथा करून दाराच्या फटीजवळ नेत, डोळे मिटत आणि ओठांतल्या ओठांत सहापर्यंत मोजत. सहाला हात मागे आला तर ओव्हन तयार. चारलाच आला तर म्हणत, "जरा रागात हाय. बसू द्या." चाकणच्या कंपनीत ते पोलाद तापवायच्या भट्टीवर होते. तिथे डिग्रीचे आकडे भल्यामोठ्या पडद्यावर झळकत, पण घरी भरवसा फक्त हातावर. ओव्हन हॉलमध्ये टेबलावर होता, त्यामुळे हा सगळा सोहळा मला समोरच्या फ्लॅटच्या जाळीच्या दारातून दिसे. मी तो बघत असे आणि मनातल्या मनात प्रार्थना करत असे, की आजचा पाव करपू दे.

मला दुष्ट म्हणण्याआधी माझी बाजू ऐका. मोशीतल्या आमच्या सोसायटीत मासवडी म्हटलं की माझं नाव निघायचं. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांद्याचं सारण, सोबत झणझणीत रस्सा. बारसं असो की सत्यनारायण, पहिला फोन मला. अशी राज्य करणारी बाई मी, आणि समोर राहायला आला कोण, तर उदगीरकडचा एक पुरुष. बायको तिकडे शाळेत शिक्षिका, म्हणून इथे एकटाच. गुरुवारी आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी. पहिल्याच गुरुवारी दार वाजलं. भाऊंच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गरम होतं. "वहिनी, कांदा भरून पाव केलाय. मावशींना द्या."

मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. तापातून उठल्यापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. पेज झाली, मऊ भात झाला, धिरडी झाली. शेवटी मी मासवडी केली, तर दोन घास खाऊन ताट बाजूला. असंच चाललं तर सलाईन लावावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. त्या सासूबाईंनी पाव हातात घेतला, मोडला, आतली वाफ हुंगली आणि अख्खा संपवला. मग बोटं चाटत विचारलं, "उद्या बी गुरवार हाय का?"

मला आनंद झाला हो. आनंद झाला आणि अंगाचा तिळपापडही झाला. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, मला अनुभव आहे.

हा पाव भाऊ एका जर्मन इंजिनिअरकडून शिकले होते. तो कंपनीत नवी भट्टी बसवायला आला होता आणि सुट्टीच्या दिवशी गेस्टहाउसवर सगळ्यांसाठी पाव भाजायचा. दोघांत मिळून भाषा म्हणाल तर 'हॉट' आणि 'वेट' एवढीच. तेवढ्यावर भाऊ सगळं शिकले आणि वर आपल्या पदरचा चाकणचा कांदा आणि ठेचा त्यात घातला. मळलेलं पीठ झाकून ठेवलं की खुर्ची ओढून बसत आणि सांगत, "आता पीठ ड्युटीवर, आपन सुट्टीवर." अजून किती वेळ, असं कुणी विचारलं की म्हणत, "पिठाला घड्याळ दिसत न्हाई बगा. ते त्याचं काम करायलंय."

थंडीत ते पिठाचं पातेलं गच्चीवर उन्हात ठेवत. एका गुरुवारी मी गोधड्या वाळत घालायला वर गेले, तर कोणीच नव्हतं. झाकण उचललं. आत पीठ टम्म फुगलेलं, जणू सोसायटीचा चेअरमन. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मूठ वळली आणि मध्यभागी एक ठोसा दिला. फुस्स. इतकं निर्मळ समाधान मला आयुष्यात फार कमी वेळा मिळालंय.

पाव त्या दिवशी तासभर उशिरा आला आणि कधी नव्हे इतका हलका आला. "आज कुनीतरी पीठ दाबलं बगा, वहिनी," भाऊ म्हणाले. "दुसऱ्यांदा फुगलं, म्हनून जाळी बारीक पडली. आता दरवेळी असंच करनार." हे बोलताना ते हसले की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तोवर मी हट्टाने त्यांच्या पावाचा तुकडाही तोंडात घातला नव्हता. त्या दिवशी घातला आणि थबकले. सारण ओळखीचं होतं. तीळ, खोबरं, कांदा. माझ्या मासवडीचंच, पण माझ्यापेक्षा चांगलं. मागे काहीतरी खमंग, किंचित कडसर रेंगाळत होतं. हे कुठून आणलंत, असं विचारलं. भाऊ सहज म्हणाले, "मावशींनी सांगितलं की. भाजलेलं कारळं घालायचं."

मी सासूबाईंच्या खोलीत गेले. चोवीस वर्षं माझी मासवडी खाऊन ही बाई नुसतं 'बरी हाय' म्हणत आली होती. मला कधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर पाव मोडता मोडता त्या म्हणाल्या, "त्यानं इचारलं. तू कधी इचारलंस का? तू या घरात आलीस तवाच तुला समदं येत व्हतं."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी माझ्या आईच्या पद्धतीची मासवडी करून सगळ्या घराची वाहवा मिळवली होती. चुलीशेजारी हातात परात घेऊन कोण उभं होतं, ते मी मागे वळून पाहिलंही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी भाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलेलं वाक्य कसंबसं बाहेर पडलं, "भाऊ, मला शिकवा." त्यांनी ना कारण विचारलं, ना टोमणा मारला. म्हणाले, "हात धुऊन या."

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन उदगीरला गेले. निघताना पाया पडले तेव्हा सासूबाई ढसाढसा रडल्या. माझा दीर दुबईला गेला तेव्हासुद्धा त्या रडल्या नव्हत्या. मी दिराला हे कळवलं नाही.

आता गुरुवारी पाव मी करते. सासूबाई खातात आणि 'बरा हाय' म्हणतात. परवा मात्र मी तीळ भाजत असताना त्या काठी टेकत ओट्यापाशी आल्या, कढईत डोकावल्या आणि न विचारता म्हणाल्या, "येवढे नगं भाजू. वास सुटला की उतरव." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बालाजीला फोन लाव. त्यालाबी सांगते."

मी म्हटलं, आत्ता रेंज नाही. आधी माझे तीळ भाजून झाले, मग पाव भाजून झाला, सासूबाईंनी त्यातला अर्धा खाल्ला, आणि मगच उदगीरला रेंज आली.