हाडाची गोळी आणि दाताची खुर्ची

लोणावळ्यात दातांचा दवाखाना चालवला की किस्से आपोआप साठतात. तोंड उघडायला लावणं हाच आमचा धंदा, त्यामुळे दातांबरोबर बाकीचंही बाहेर येतं. त्यातले हाडं ठिसूळ झालेल्या मंडळींचे किस्से मी विसरत नाही. त्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत.

तिकोणा पेठेच्या सरूमावशी तोंडात फोड आले म्हणून आल्या. हाडांसाठी आठवड्याला एक गोळी चालू होती. "कशी घेता?" मी विचारलं.

"चघळती की. हळूहळू अंगात मुरती."

ही गोळी तोंडात राहिली तर तोंड सोलवटतं. उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर गिळा आणि अर्धा तास आडवं होऊ नका, असं बजावलं. पुढच्या वेळी तोंड स्वच्छ! म्हणाल्या, "सुनेला सांगितलं, डॉक्टरीणबाईनी बसवून ठिवलंय. तवर तीच भाकऱ्या थापती. लय बरं केलंत."

रेल्वेतून निवृत्त झालेले काशिनाथकाका नवी कवळी करायला आले. जुनी बोलताना पुढे यायची. एक्स-रेमध्ये जबड्याचं हाड विरळ दिसलं, पाठीलाही बाक होता. "काका, उंची कमी झालीये का?"

उत्तर काकूंनी दिलं. "लेंगे लांब होतायत. मला वाटलं, कापडच वाईट."

हाडांच्या तपासणीला पाठवलं, तर मणका दबलेला निघाला. वेळेत उपचार सुरू झाले. काका परसातला फणस घेऊन आले आणि म्हणाले, "कवळीला आलो, कणा वाचला."

एक बाई दाढ काढायला आल्या. औषध कुठलंच नाही म्हणाल्या. भूल दिली, चिमटा उचलला, तेवढ्यात सोबत आलेली त्यांची नणंद दारातून म्हणाली, "अगं, हाडासाठी वर्षातनं एकदा घेतेस ते?"

"ते कुठं औषध? ते तर इंजेक्शन."

मी चिमटा खाली ठेवला. ते इंजेक्शन चालू असताना दाढ उपटली की कधी कधी जबड्याची जखम भरतच नाही. रूट कॅनाल करून दाढ वाचवली. त्या नणंदेचे मी आजही मनात आभार मानते.

सोमाटण्याच्या हमीदामावशींनाही तेच इंजेक्शन चालू होतं, पण असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. दुसरीकडे दाढ काढून आल्या तेव्हा हिरडीतून हाड दिसत होतं. कितीतरी महिने चुळा, औषधं, पुण्याच्या सर्जनकडे खेपा. ईदलाही शीरखुर्म्यातलं नुसतं दूध प्यायल्या. शेवटी जखम भरली, तेव्हा आरशात बघून त्यांनी माझा हात धरला.

आता तपासणीला आल्या की बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येकाला विचारतात, "हाडाची गोळी, इंजेक्शन घेता का? आत गेल्याव आधी ते सांगा."

परवा एक कुरिअरवाला पार्सल द्यायला आला. मावशींनी त्यालाही विचारलं.

"मावशी, मी तिशीतला माणूस. मला कसली हाडाची गोळी?"

"तुला न्हाई रं. तुजी आई घेती का?"

सहीसाठी पुढे केलेला मोबाईल त्यानं मागे घेतला. मग बाकावर मावशींच्या शेजारी बसला आणि नंबर लावला.

"आई, तू दर रविवारी ती गोळी घेतेस ना, ती कसली गं?"