दिर्चेनं दिलेला एप्रन

इटलीतल्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात आमच्या पक्षाचा उत्सव भरतो. शेवटच्या संध्याकाळी पुढाऱ्याचं भाषण संपलं की स्वयंपाकघरातली माणसं अंगावरच्या एप्रनसकट मंचावर चढतात. तळणारे, वाढणारे, भांडी घासणारे, झाडून सगळे. लोक टाळ्या वाजवतात आणि स्वयंपाकघर सांभाळणारी दिर्चे माइक घेऊन दोन वाक्यं बोलते. बहुतेक वर्षी ती एवढंच म्हणायची, "पोट भरलं ना? मग आता खुर्च्या उचलायला या." ही पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही, पण ती मोडायची छाती आजवर कुणाला झालेली नाही.

दिर्चे सेत्ती माझ्या भिंतीपलीकडे राहते. तिच्या तरुणपणी आमच्याकडे घरोघरी स्वेटर विणायची मशिनं होती. दिर्चेचं मशीन चुलीला लागून असायचं. एका हातानं दांडा ओढायचा, दुसऱ्यानं रस्सा ढवळायचा. तिची मुलगी त्या खडखडाटाशिवाय झोपायचीच नाही. कारखान्याचा माणूस येऊन माल घेऊन जाई. आणि सरकारदरबारी दिर्चे कोण, तर गृहिणी.

"गृहिणी!" ती अजून फणकारते. "माझ्या खांद्याला विचारा मी कोण ते."

म्हणून ती पक्षात गेली. तिथे पुरुष तावातावानं जगातल्या मजुरांबद्दल बोलत आणि बायका ऐकत. एकदा दिर्चे उठून म्हणाली, "जगाचं ठरवून झालं असेल तर माझ्या स्वयंपाकघरातल्या मजुराकडेही बघा जरा." सगळे हसले. ओरेस्ते तेवढा हसला नाही.

ओरेस्ते गावियोली म्हणजे सायकलवाल्याचा हडकुळा, चष्मेवाला मुलगा. तेव्हा कॉलेजात होता. उत्सवात भांडी घासायला यायचा आणि अगदी वाईट घासायचा. "हा टोप तू घासलास, की नुसत्या त्याच्याशी गप्पा मारल्यास?" दिर्चे विचारायची. पुढे तो बोलोन्याला प्राध्यापक झाला, मग आमचा महापौर. संसदेत गेला, मंत्री झाला आणि एके दिवशी या देशाचा पंतप्रधान. त्या दिवशी पाद्रीबुवांनी घंटासुद्धा वाजवली, आणि त्यांचं तर पक्षाशी उभ्या जन्मात पटलेलं नव्हतं. दिर्चेनं टीव्हीवर शपथविधी पाहिला. "टाय वाकडा आहे," एवढंच म्हणाली आणि उगाच आत जाऊन नाक शिंकरून आली.

घरी बसून विणणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांना कायद्यानं कामगार म्हणायचं, असं विधेयक ओरेस्तेनं आणलं. त्याबरोबर त्याच्याच पक्षाच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कारखानदार दुखावतील, मित्रपक्ष सुटतील, थोडं थांबू या. ओरेस्ते म्हणाला, थांबणार नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं उघड सांगा. अशा वेळी संसदेत एकेकाचं नाव पुकारतात आणि त्यानं सगळ्यांसमोर हो किंवा नाही म्हणायचं असतं. आम्ही ते दिर्चेच्या घरी बसून पाहिलं. विरोधक नाही म्हणाले त्याचं काही वाटलं नाही. पण आपल्याच पक्षातल्या ज्यांना आम्ही उत्सवात आमच्या हातचं वाढलं होतं, त्यांतले काही पुढे आले आणि खाली बघत नाही म्हणाले. सरकार पडलं. त्या खाली बघणाऱ्यांचा म्होरक्या पक्षाचा नवा नेता झाला.

त्या उन्हाळ्यात शेवटच्या संध्याकाळी ह्याच नेत्याचं भाषण असल्याची पोस्टरं लागली. दिर्चे तडक मिर्कोकडे गेली. मिर्को आमचा चिटणीस. पोरगेलासा, दोन फोनवाला.

"ओरेस्तेचं नाव कुठाय?"

"दिर्चे, वरून सांगणं आलंय. यंदा ओरेस्तेनं बोलायचं नाही."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

"रोमहून."

"मग इतकंही वरून नाही."

"तू समजून घे ना. पक्ष फुटेल."

"पोरा, पक्ष फुटतो तेव्हा टाके घालायला आम्हालाच बोलावता. मला नको शिकवू."

दुसऱ्या दिवशी आम्ही लांब टेबलाशी तोर्तेल्लीनी वळायला बसलो. लाटलेल्या पातळ पोळीच्या चौकोनात बोटाच्या पेराएवढं सारण भरून एकेक वळायची, हजारोंनी, रश्श्यात घालून वाढायला. आल्फेआनं लाटणं आपटलं. "मी तर म्हणते, संप! रस्सा पाठवू नुसता. म्हणावं, तोर्तेल्लीनी रोमहून मागवा."

"आणि लोकांनी काय खायचं? भाषण?" दिर्चेचे हात थांबले नव्हते. "जेवायला आलेल्याला उपाशी परत पाठवायचं, हे आपलं काम नाही, आल्फेआ. ते दुसऱ्यांना जमतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आपल्याकडे भांडी घासायला माणूस कमी आहे ना?"

त्या दुपारी भिंतीपलीकडून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. मुद्दाम ऐकावं लागत नाही. दिर्चे फोनवरही अंगणातल्यासारखीच बोलते.

"रविवारी ये. बोलायला नाही रे, भांडी घासायला... काय? लोकांना तोंड कसं दाखवू? तोंड कशाला, हात आण. आणि हे बघ, रुसून घरात बसण्यासाठी मत नव्हतं दिलं तुला."

रविवारी, उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी, ओरेस्ते मागच्या फाटकातून सायकल ढकलत आला. केस पांढरे झालेले, चष्मा तसाच जाड. दिर्चेनं त्याला एप्रन दिला, मागची गाठ स्वतः मारली आणि त्याला मोठ्या टोपापुढे उभं केलं. मिर्को आत आला आणि पांढराफटक पडला.

"दिर्चे, हे काय?"

"भांडीवाला."

"तू मला बुडवणार आहेस."

"का? बोलायचं नाही असं ठरलंय ना? बोलतोय का तो? घासतोय. बघ की, अजूनही वाईटच घासतोय."

ओरेस्ते टोपात डोकं घालून हसत होता.

बाहेर नेत्याचं भाषण झालं. नवं युग, नवी वाट, असं बरंच काही. टाळ्या पडल्या, लाम्ब्रुस्को वाइनच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, आणि आम्ही ओळीनं मंचाकडे निघालो. पायरीशी मिर्को आडवा झाला. "यंदा फक्त बायका चढू देत."

"एप्रन घातलेला प्रत्येक जण चढतो," दिर्चे म्हणाली. "तुझे आजोबा चढायचे, झोकांड्या खात. त्यांना कुणी अडवलं होतं? सरक."

मिर्को सरकला. तो माइकच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला, बटणावर बोट ठेवून.

मंचावर ओरेस्ते सगळ्यांच्या मागे उभा राहिला, ओल्या एप्रनमध्ये. आधी कुणाला ओळखू आला नाही. मग एका टेबलावरच्या गप्पा थांबल्या, मग शेजारच्या. पहिल्या रांगेत नेता कोट चढवायला लागला.

"थांबा की, आमचं व्हायचंय अजून," दिर्चे माइकवर म्हणाली. "ओरेस्तेनं बोलायचं नाही असं वरून ठरलंय. बरं. पण त्याच्यावर विश्वास आहे की नाही, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. तेव्हा मी विचारते. आल्फेआ!"

"हो!" आल्फेआ अशी ओरडली की माइक शिट्टी मारू लागला.

दिर्चे एकेकीचं नाव पुकारत गेली. प्रत्येक बाई एक पाऊल पुढे आली, नेत्याच्या डोळ्यांत बघून हो म्हणाली आणि मागे सरली. माझी पाळी आली तेव्हा मी एप्रन सरळ केला आणि मोठ्यानं हो म्हणाले. मग खालून, टेबलांमधून, न पुकारलेल्या बायका उभ्या राहिल्या. बोटं वाकडी झालेल्या, मशिनांवर आयुष्य काढलेल्या. हो. हो. हो.

"मिर्को!" दिर्चेनं नाव पुकारलं.

सगळं मैदान वळून बघू लागलं. मिर्कोनं नेत्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. बोट उचललं. ओठ हलले.

"ऐकू नाही आलं."

"हो म्हटलं!"

दिर्चेनं माइक ओरेस्तेच्या हातात कोंबला. त्यानं हात एप्रनला पुसले. "खासदार मी अजून आहे," तो म्हणाला. "बाक शेवटचं मिळालंय, पण तिथूनही विधेयक मांडता येतं. मांडतो. पाडलं तर परत मांडेन." पुढचं काही ऐकू आलं नाही, इतका कल्लोळ झाला. आणि तो शमायच्या आत दिर्चे त्याला दंडाला धरून मागे घेऊन गेली, टोप तसाच पडला होता म्हणून.

विधेयक आणखी दोनदा पडलंय. दिर्चे अजून गृहिणीच आहे आणि अजून फणकारते. ओरेस्ते पुन्हा मांडणार आहे. रोमहून पक्षाचं पत्र आलं होतं, की दिर्चेबाईंनी आता वयोमानानं विश्रांती घ्यावी. त्या पत्रावरच तिनं पोळी लाटली, पीठ भुरभुरून.

परवा मिर्को आला, पोस्टर छापायच्या आधी. दारातच घुटमळला. "दिर्चे, यंदा भांडी घासायला कोण कोण येणारेत?"

"तुला कशाला हव्यात चौकशा?" ती म्हणाली. "एप्रन जास्तीचे धुऊन ठेव."

मिर्को मान हलवत गेला. आज मिर्कोच्या अंगणातल्या दोरीवर नुसते एप्रनच वाळत होते.