मीठ म्हंजी काय?

काटेवाडीच्या द्वारकाबाई बोलायला मोठ्या गोड. ऊसतोडीला आलेल्या बायकासुद्धा पाण्याच्या निमित्तानं त्यांच्या ओसरीवर टेकायच्या. साठी उलटली तशी त्यांची बोलताना अडखळ सुरू झाली. डब्याला 'ते झाकणाचं', केरसुणीला 'ते तसलं' म्हणू लागल्या. "वय झालं," म्हणून नवऱ्यानं, दत्तोबांनी, मनावर घेतलं नाही.

एकदा सून रेश्मा भाजी फोडणीला टाकताना म्हणाली, "आत्या, जरा मीठ द्या."

द्वारकाबाई बरणीसमोरच उभ्या होत्या. "मीठ म्हंजी काय गं?"

रेश्मा हसली. मग सासूच्या चेहऱ्याकडं बघून तिनं स्वतःच बरणी उचलली.

बारामतीच्या डॉक्टरांनी गाय, शेळी, मांजर अशी चित्रं दाखवली. द्वारकाबाईंनी तिन्हींना कुत्रं म्हटलं. "दूध कोण देतं?" यावर त्या नुसत्या ओशाळल्या.

"अल्झायमर आहे," डॉक्टर मुलाला, विजयसिंहला, म्हणाले. "नुसतं नाव विसरत नाहीत त्या. वस्तू काय आहे, कशाला लागते, हेच पुसलं जातंय."

दत्तोबांना पटेना. तिचे हात तर पूर्वीसारखेच चालत होते. गोठा त्यांनी तिच्याकडंच राहू दिला.

श्रावणात द्वारकाबाईंनी गायीच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, मिठाऐवजी युरिया कालवला. दोन्ही पांढरंच. गाभण गाय थरथरायला लागली, तोंडाला फेस आला आणि जनावरांचा डॉक्टर पोचायच्या आत ती गेली.

"आगं, गाय मेली!" दत्तोबा ओरडले.

"मेली म्हंजी?" द्वारकाबाईंनी शांतपणे विचारलं आणि गायीपुढं वैरण टाकली.

दत्तोबांचा उठलेला हात तसाच खाली आला.

थंडीत दत्तोबा तापानं फणफणले. विजयसिंह एमआयडीसीत कामावर, रेश्मा गोळ्या आणायला गेलेली. घशाला कोरड पडली तसे ते म्हणाले, "द्वारका, पाणी दे."

"पाणी," त्या म्हणाल्या. शब्द आवडल्यासारखा पुन्हा म्हणाल्या, "पाणी, पाणी." त्यांच्या मांडीला तांब्या लागून होता.

दत्तोबा भिंत धरून उठले. स्वतः प्यायले, मग तिच्या ओठांना तांब्या लावला. तिनं पाणी तोंडात धरून ठेवलं.

"गिळ."

ती बघत राहिली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ओघळलं. दत्तोबांनी दोन बोटांनी तिचा गळा वरून खाली हळूहळू चोळला, तेव्हा कुठं एक घोट आत गेला.