कुठल्या जिल्ह्याचा कान

धाकटीचा कान वाहायला लागला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी अकराची. मायनं कोमट तेल घातलं, मग मुरुडच्या डॉक्टरांनी थेंब दिले. वाहणं थांबेना. वर्गात हाक मारली तरी ती ओ देत नसे, म्हणून गुरुजी तिला मठ्ठ म्हणायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आतलं हाड सडतंय, कानाच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या.

तो जिल्ह्याच्या गावी. दुष्काळी कामावर खाडा करून माय आम्हा दोघींना घेऊन गेली. मला चिठ्ठ्या वाचायला. ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्यातला दिवस मिळाला. त्या दिवशी गेलो, तर दवाखान्यात पाणी नव्हतं. टँकर आला की या, म्हणाले. टँकर आल्याचं आम्हाला खेड्यात कोण कळवणार, ते कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा गेलो तोवर जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन आमचा जिल्हाच बदलला होता. तुम्ही आता लातूरचे, असं म्हणून कारकुनानं चिठ्ठी परत सरकवली. लातूरला गेलो. तिथं पाटी नवी, रंग ताजा, फक्त कानाच्या डॉक्टरची नेमणूक व्हायची होती. तिथले साहेब म्हणाले, तोवर जुन्याच ठिकाणी दाखवा.

माय उठली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "साहेब, पोरीच्या कानाला जिल्हा कळत न्हाई. तुमी ठरवा तो कुणाचा हाय, तवर आमी हितंच बसतो."

दुपारपर्यंत बसलो. मग एका नर्सबाईंनी तिसऱ्याच जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. तिथं महिन्याभरात ऑपरेशन झालं. सडलेलं हाड काढलं, पण डाव्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच.

ऑपरेशनआधी तिथल्या डॉक्टरांनी हाताखालच्या शिकाऊ डॉक्टर पोरीला केसपेपरवर लिहायला मोठ्यानं सांगितलं होतं, "आईवडिलांचं दुर्लक्ष, आणायला उशीर." मायनं मान खाली घातली. मी पिशवीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या चाळल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलेलं तसंच ठेवलं.

धाकटी पुढे शिकली, शिक्षिका झाली. माय शेवटपर्यंत तिच्या उजव्या बाजूलाच बसायची. त्या कागदाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं.