चित्र बोलत असताना

माझ्या साडूभाऊंइतकी माणसांची तोंडं अख्ख्या खानदेशात दुसऱ्या कुणी बंद केली नसतील. जळगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ बसला, आणि साडूभाऊ लोकांच्या जुन्या फोटोंना आवाज आणि निवेदन जोडून छोट्या छोट्या फिल्म करू लागले. त्यातलं निवेदन माझ्या गळ्यात पडलं. वर्षानुवर्षं शाळेत मराठी शिकवून थकलेला हा गळा निवृत्तीनंतर तरी विसावेल, अशी माझी भाबडी समजूत होती. आवाज घुमू नये म्हणून ते मला भर मे महिन्यात, पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन वाचायला बसवतात. घामाचा थेंब कागदावर पडला तर बाहेरून विचारतात, "टप् असं काय वाजलं?"

आवाजासाठी ते काय करतील याचा नेम नाही. आमच्या हिला त्यांनी वांग्याच्या भरताची फोडणी तीनदा द्यायला लावली. "मोहरी मनापासून तडतडली नाही," म्हणाले. एका लग्नात पाठवणीच्या वेळी बँड थांबवून त्यांनी नवरीला पुन्हा रडायला सांगितलं, तर ती बिचारी हसायलाच लागली. पण खरा जाच निवेदनाचा. मी वाचलं, "विहिरीला भरपूर पाणी होतं," की यांची कात्री चाललीच. "पाणी दिसतंय, रहाट वाजतोय. तुम्ही कशाला मध्ये?" डोळ्यांना दिसतं ते तोंडाने सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा. माझं चार पानी निवेदन अकरा शब्दांवर येतं. आणि वैताग असा की, त्यांनी मला जिथे गप्प केलेलं असतं, नेमकं तिथेच लोक डोळे पुसतात.

त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची, नजर दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली. तेव्हापासून त्या यांच्याकडेच असतात. त्यांचं एकच मागणं होतं. दोंडाईच्याजवळच्या माहेरच्या अंगणातली चिंच एकदा भेटवून आण. प्रवास त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून साडूभाऊ एकटेच गेले आणि हिरमुसले होऊन परतले. रस्ता रुंद करताना चिंच तोडली होती. अंगणात नुसता बुंधा उरला होता. अक्कांना सांगायचं त्यांना धैर्य झालं नाही. त्यांनी फिल्म केली. अंगण झाडल्याचा आवाज, वाळत घातलेल्या मिरच्या, बालपणाबद्दल माझी चार वाक्यं, आणि शेवटी फक्त तो बुंधा, एकही शब्द नाही. "चित्रच सांगेल तिला," ते म्हणाले.

"अहो, पण त्यांना दिसतं कुठे?" मी म्हणालो. जन्मभर डोळ्यांवर विसंबलेल्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. एक वाक्य घालू, असं मी सुचवलं. त्यांनी मान डोलावली, पण कागदावर ते वाक्य काही उतरेना. दोन दिवस आम्ही नुसता चहा पीत बसलो.

शेवटी रविवारी दुपारी त्यांनी ती फिल्म होती तशीच लावली. झाडूचा आवाज ऐकून अक्का हसल्या. मिरच्या आल्या तेव्हा त्यांना, कोण जाणे कसा, ठसकाही लागला. मग बुंधा आला आणि सगळं शांत झालं.

"बंद पडनं का रे भाऊ?" अक्कांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"नही अक्का, चालू शे."

"मंग आते काय दिसस?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. इतकी वर्षं लोकांचे शब्द खोडत आलेला तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "चिंच शे ना अक्का. बठ्ठी हिरवीगार शे."

अक्कांनी पडद्याच्या दिशेने कान दिला. "मंग पाखरे का बरं बोलत नहीत?"

मग त्यांनी चाचपडत भावाचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.

"दुपार शे भाऊ," त्याच म्हणाल्या. "निजू दे त्यासले."

त्यांना कळलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. साडूभाऊंनी पडदा बंद केला नाही. तो बुंधा आम्ही दोघं बघत बसलो, आणि त्या ऐकत बसल्या.