नंबर घासायचा नाही

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी चुलते बंदुकीचा विषय काढून बसले. कोळवणच्या आमच्या शेतात रानडुकरं भात लोळवायची, म्हणून दादांनी रीतसर परवाना काढून एकनळी बंदूक घेतली होती. ते गेले तसा परवानाही संपला. मी एकुलती एक मुलगी, तेव्हा बंदूक ठाण्यात जमा करणं माझ्याकडे आलं.

चुलत्यांनी मात्र गिऱ्हाईकच सोबत आणलं होतं. शेजारच्या फार्महाउसचे पुण्याचे साहेब. त्यांना ती दिवाणखान्यात टांगायची होती.

“कागदांची भानगड नको,” साहेब म्हणाले. “नळीवरचा नंबर तेवढा ग्राइंडरनं घासून द्या. मग ती नुसती शोभेची वस्तू.”

“नंबर घासलेली बंदूक विकणाराही आत जातो आणि ठेवणाराही,” मी म्हणाले. परवान्याच्या नूतनीकरणाहून आले की दादा हे घरात प्रत्येकाला बजावून सांगत.

चुलते भडकले. “लई शिकलीस व्हय? बाईमाणसानं असल्यात पडू न्हाई. कपाटाची किल्ली दे.”

“न्हाई देत, आण्णा. दादांनी एवढी वर्षं काही लपवलं न्हाई. तुमाला त्यांच्या माघारी लपवू द्यायची न्हाई.”

साहेब आधी उठले, मग चुलते. त्याच दुपारी मी बंदूक रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं, गोधडीत गुंडाळली, परवाना पिशवीत घातला आणि पौडच्या जीपमध्ये बसले.

“काय गं ते, एवढं लांब?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“बंदूक. ठाण्यात जमा करायला चाललेय.”

सगळी जीप सरकून बसली. इतकी ऐसपैस जागा मला त्या जीपमध्ये कधी मिळाली नव्हती.

ठाण्यातल्या हवालदारांनी नळी पुसली, भिंग लावलं आणि परवान्यावरचा एकेक आकडा मोठ्यानं वाचत ताडून पाहिला. जुळला. पावती लिहिताना त्यांनी विचारलं, “घरचं कुणी आलं न्हाई?”

“मीच घरची,” मी म्हणाले.

चुलत्यांनी बोलणं टाकलं. यंदा डुकरांनी बांधालगतचा भात तुडवला, तेव्हा ते मला ऐकू जाईल असं वाटेवरून ओरडले, “आता पावती दाव त्यास्नी!”

मी मान खाली घातली नाही. माझ्या नावावर परवाना मागणारा अर्ज दिला. तो अजून मंजूर झालेला नाही. दर महिन्याला जाऊन विचारते.