न पुसलेला शब्द

मुकादम गुरुजींची आणि माझी पहिली भेट रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या शाळेत, त्यांच्या फळ्यासमोर झाली. मी डोंगराकडच्या गावात शिकलेला नवा शिक्षक, ते मुख्याध्यापक. शाळेबाहेरच्या फळ्यावर ते रोज एका शब्दाची घरे आखत आणि पहिलेच अक्षर भरत. उरलेली येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओळखायची. त्या दिवशी तीन घरे होती, पहिल्यात ‘तां’. होडीवरचा शब्द, एवढेच गुरुजींनी सांगितले.

‘तांबडा?’ मी म्हणालो.

मासे विकायला निघालेल्या हलिमाबी पाटी उतरवून हसल्या. ‘या अल्ला! मास्तर झालात नि ह्यो शब्द ठावक नाय? अवो, त्याला—’

गुरुजींनी हात वर केला. ‘सांगायचं नाही. खूण द्यायची.’

‘बरं. होडी वादळात गावली, तर कुणाच्या तोंडाकडं बघाल?’

‘देवाच्या.’

‘आणि देवानंतर?’

दुपारपर्यंत एकेक अक्षर चाचपत मी ‘तांडेल’पर्यंत पोचलो. होडीच्या प्रमुखाचे हे नाव मग कधी विसरलो नाही. समुद्राचे असे कितीतरी शब्द गुरुजींनी मला न सांगता शिकवले. न सुटलेला शब्द ते पुसत नसत. तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असे.

माझी आई गेली तेव्हा ते आमच्या गावी आले, दिवसभर ओटीवर बसले. निघताना म्हणाले, ‘ह्याला शब्द शोधू नका, मास्तर.’

गेल्या वर्षी गुरुजींना पक्षाघात झाला. समजते सगळे, शब्द मात्र अडतात. घरची माणसे मायेपोटी अडलेला शब्द सांगून टाकत, आणि गुरुजी भिंतीकडे तोंड फिरवत. शेवटी त्यांच्या पत्नींनी, आमच्या भाभींनी, फळा खाटेसमोर टांगला आणि मला बोलावले. ‘तुम्ही त्यांच्या रीतीनं बघा. आम्हाला धीर निघत नाही.’

मी तीच तीन घरे आखली, ‘तां’ लिहिले, तोच प्रश्न विचारला. बऱ्याच वेळाने गुरुजींनी डावा हात उचलून बोट वर दाखवले.

‘आणि देवानंतर?’ भाभींनी हळूच विचारले.

ओठ हलले. शब्द आला नाही. माझ्या जिभेवर तो होता, मी गिळला. सूर्यास्ताच्या नमाजाची, मगरिबची अजान झाली. उठताना मी सवयीने डस्टर घेतले, तर गुरुजींनी ठामपणे नकारार्थी मान हलवली.

ते आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. भाभी नमाजात मागतात, मी देवापुढे दिवा लावून मागतो, मागणे एकच: त्यांना आरोग्य आणि उदंड आयुष्य मिळो. दोन घरे अजून रिकामी आहेत. संध्याकाळी आम्ही फळ्यासमोर बसतो. कोणी सांगत नाही.